कोरा करकरीत

भंगारातला जुना लॅपटॉप आणायचा आणि तो कोरा करकरीत करून दाखवायचा, हे बँकेतल्या हेडक्लार्कसाहेबांचं खूळ. "घरातला पंखा वर्षभर कुरकुरतोय, त्याला मात्र कुणी वाली नाही," इति बायको.

या खेपेचा लॅपटॉप विटेएवढा जाड होता. साहेबांनी कित्येक रविवार खपून त्याची बटणं घासली, झाकणावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेली फुलं पॉलिश करून घालवली, आतल्या सगळ्या फायली पुसल्या आणि 'आधी' व 'नंतर' असे दोन फोटो ग्रुपवर टाकले. वाहवा थांबेना. फोटो कुठल्या कुठे फिरले.

पत्ता शोधत एक बाई दारात आल्या.

"आधीच्या फोटोतली फुलं ओळखली मी. माझ्या लेकीने कोरलेली. ती गेली आणि ह्यांनी मला न विचारता लॅपटॉप भंगारात दिला. तिची गाणी आहेत त्यात, तिच्या आवाजात. एकदा ऐकू द्याल?"

साहेबांनी नुसताच लॅपटॉप पुढे केला. बाईंनी तो उघडला, रिकाम्या स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि अलगद मिटला.

"छान झालाय हो. आता कुणाचाच वाटत नाही."