तिसऱ्या हाकेआधी

“उल्का कर्णिक!”

रजिस्ट्रार बाईंनी पहिली हाक मारली आणि सुप्रभानं चमकून वर पाहिलं. हॉलमध्ये अठ्ठावीस जणी बसल्या होत्या आणि त्यांतली एकही उल्का कर्णिक नव्हती. म्हणजे होती. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत सुप्रभाच उल्का कर्णिक होती.

थॉर्नमियर कॉलेज साउथहॅम्प्टनबाहेरच्या टेकडीवर होतं. कॉलेज एवढंसं. शिकवायचं काय, तर बायकांना थोडा इतिहास, थोडं साहित्य, थोडं तत्त्वज्ञान. रीतीभाती मात्र राजवाड्याला लाजवतील अशा. त्यांतली सगळ्यात जुनी ही हाकांची. ऐंशी वर्षांपूर्वी कॉलेज उघडलं त्या दिवशी हजेरी घेतली, तर मुलींऐवजी त्यांचे बाप आणि भाऊच ‘हजर’ म्हणाले. कॉलेज काढणारी विधवा बाई अशी भडकली, की तिनं तिथल्या तिथे नियम केला. तीन हाका मारायच्या. जिचं नाव, तिनंच ओ द्यायची, दुसऱ्या कुणाची चालणार नाही. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर जागा वेटिंग लिस्टवरच्या मुलीला. आता १९७१ साल होतं. मुलींचे स्कर्ट गुडघ्याच्या वर गेले होते, पण हा नियम तसूभर हलला नव्हता. वेटिंग लिस्टवरची मुलगी मागच्या बाकावर मांडीवर सूटकेस घेऊन बसलीच होती.

सुप्रभानं शेजारी पाहिलं. तिचा नवरा, डॉक्टर पद्माकर टिपणीस, समोरच्या भिंतीकडे बघत एक पाय सारखा हलवत होता. सकाळपासून त्याचं असंच चाललं होतं. दोन वाजता वॉर्डात राउंड होता, म्हणून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणं चालू होतं. कॉलेजात कुठल्या नावानं राहायचं त्याची चिठ्ठी दारात द्यायची असते. सुप्रभाचे दोन्ही हात कागदांच्या फायलीत अडकले होते, म्हणून तिनं पेन त्याच्याकडे दिलं. त्यानं खरडलं, चिठ्ठी टोपलीत टाकली आणि पुन्हा घड्याळ बघितलं. आपण शिकलेलं याला नकोच आहे, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

आणि त्यात हे नाव. ऑफिसनं जुन्या सर्टिफिकेटवरून उचललं असणार, दुसरं काय!

लग्नात पद्माकरनं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘सुप्रभा’ असं लिहिलं होतं. निवड सासूबाईंची. “उल्का म्हणजे पडता तारा,” त्या म्हणाल्या होत्या. “माझ्या घरात पडझड नको.” पुढे मुलगा-सुनेबरोबर सासूबाई साउथहॅम्प्टनला आल्या आणि त्यांच्याबरोबर ही बंदीही आली. एकदा भावाच्या पाकिटावर चुकून जुनं नाव आलं, तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला. या मार्चमध्ये त्या गेल्या. घर मोकळं झालं, सुप्रभानं हिय्या करून कॉलेजचा अर्ज मागवला. पण नाव परत कुणाकडे मागायचं? तसा अर्ज कुठेच मिळत नव्हता.

“उल्का कर्णिक!”

दुसरी हाक. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी मागे वळून पाहिलं. ओ द्यावी? भरल्या हॉलमध्ये, नवरा शेजारी बसलेला असताना, त्याचं आडनाव बाजूला सारून? तो काय म्हणेल? आधीच कसंबसं आणलंय त्याला. थांबावं थोडं. पुढे ‘सुप्रभा टिपणीस’ म्हणून पुकारतीलच की.

तिनं रजिस्ट्रार बाईंच्या टेबलाकडे पाहिलं. टोपली रिकामी होती. बाईंच्या हातात एकच चिठ्ठी उरली होती, आणि ती त्यांची दोनदा वाचून झाली होती.

मागे सूटकेसची कडी वाजली. मुलगी उठायच्या तयारीत होती.

“अहो,” सुप्रभा कुजबुजली. तिला रडूच यायला लागलं होतं. “ऑफिसनं घोटाळा केलाय हो. तुम्ही उठून एक्सप्लेन करा ना त्यांना.”

“मी बोललेलं चालत नाही इथे. रूल आहे त्यांचा.”

“मग सीट जाईल माझी!”

पद्माकरचा पाय थांबला. तो तिच्याकडे वळला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. आता हा चिडणार, चारचौघांत काहीतरी लागेल असं बोलणार, असं वाटून ती अंग चोरून बसली. पण त्याचे डोळे भरून आले होते.

रजिस्ट्रार बाईंनी तिसऱ्या हाकेसाठी चष्मा सारखा केला.

“चिठ्ठीवर मीच लिहिलंय ते, उल्का,” पद्माकर म्हणाला. “आईपुढे मला हाक मारायची चोरी होती. तुला ओ द्यायला काय झालं?”