लाल फुली

मोडेमवर पुन्हा लाल फुली होती.

रिंकूने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पडद्याकडे रोखून पाहिलं. कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंची यादी समोर उघडी होती. माउस ठीक, प्रिंटर ठीक, आणि मोडेमच्या चित्रावर तांबडी फुली. मोडेम बिघडलं असतं तर पिवळं चिन्ह आलं असतं. तांबडी फुली म्हणजे कुणीतरी आपल्या हाताने ते बंद केलेलं. लग्नाआधी श्रीरामपूरला क्लास केलेल्या मुलीला एवढं कळत होतं.

"प्रॉपर्टीज बघायला हव्यात," ती पुटपुटली.

दारात मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंचा, चंदाबाईंचा, हात थांबला. "प्रॉपर्टी? वर्ष नाही झालं गं लग्नाला!"

"मोडेमच्या, मम्मी."

"मोडेमच्या नावावर काय केलंय ह्यांनी?"

रिंकूने हसू दाबलं, प्रॉपर्टीज उघडल्या, 'एनेबल' केलं. फुली गेली. कालही गेली होती.

पुण्याच्या एका कंपनीने तिला घरबसल्या टायपिंगचं काम देऊ केलं होतं. नमुन्याची पानं आली होती; ती टाइप करून शनिवारी संध्याकाळपर्यंत ई-मेलने पाठवली तर काम तिचं. मंचरच्या एसटी स्टँडजवळ कॅफे निघाला होता, पण दलीचंद कापडवाल्यांच्या सुनेने तिथे बसायचं म्हणजे दुपारच्या आत बातमी पारगावच्या कारखान्यापर्यंत. तेव्हा जे काही व्हायचं ते दुकानामागच्या ह्याच खोलीत.

आणि ह्या खोलीत दुपारी जेवण झाल्यावर बसायचे ते सासरे. दलीचंद चष्मा नाकावर ओढून स्टॉक बघत. ते उठले की रिंकू बसे, आणि फुली तिची वाट बघत असे. हिशेब सरळ होता.

विचारायची मात्र सोय नव्हती. ह्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. समोरासमोर बसूनही दोघांचं बोलणं चंदाबाईंच्या खांद्यावरून जायचं-यायचं.

"संयम, मोडेम चालत नाही रे," तिने त्या रात्री जेवताना नवऱ्याला हळूच सांगितलं.

"परत फुली? पप्पांचा स्वभावच तसा," संयमने तिच्या ताटात पापड ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. बोलतो मी."

गोड माणूस. बोलण्याने गिऱ्हाइकाला दोन साड्या जास्त घ्यायला लावणारा.

तेवढ्यात दलीचंदांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "चंदा, सांग. ह्या घरात लपूनछपून चाललेलं मला पसंत नाही."

"ऐकलंस ना?" चंदाबाई सुनेला म्हणाल्या.

"ऐकलं," रिंकू म्हणाली. "मम्मी, त्यांना सांगा, मी काही लपवत नाही. दार उघडं टाकून काम करते."

संयमने खाली बघून भात कालवला. दलीचंद ताटावरून उठले.

शुक्रवारी फुलीही नव्हती. मोडेमच गायब होतं. यादीतून त्याचं नाव पुसलेलं, आणि त्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह: अनोळखी वस्तू. ते परत बसवायला सीडी लागणार. सीडी ड्रॉवरमध्ये नव्हती. टेबलाखाली नव्हती. कुठेच नव्हती.

भांडी घासायला येणारी भागू पदराला हात पुसत दारात आली. "काय हुडकता, वैनी?"

"सीडी. थाळीसारखी, चकाकणारी."

"म्या न्हाई पाह्यली. पर सकाळी म्हातारं वर तुमच्या खोलीत व्हतं. कपाट समदं उचकलं. मला पाहून लई दचकलं."

रिंकूच्या कानशिलांत रक्त चढलं. कॉम्प्युटर झाला, आता कपाट! तिने कीबोर्ड आपटायला उचलला, आणि खालून सीडी घसरून बाहेर आली. शर्टपीसच्या चौकोनी नमुन्यात गुंडाळलेली. असे नमुने दुकानात दलीचंदांच्या गादीपाशी गठ्ठ्याने पडलेले असत. लपवायचं तरी धड लपवावं माणसाने!

तिने सीडी पिशवीत टाकली आणि रात्री उशाखाली ठेवली.

शनिवारी जेवणं झाली. दलीचंद उठायच्या आत ती उठली आणि सगळ्यांच्या देखत खुर्चीत जाऊन बसली.

"अगं, ही वेळ त्यांची..." चंदाबाई म्हणाल्या.

"आज माझी आहे."

संयम दारापर्यंत आला. "रिंकू, घरात तमाशा नको. राहू दे ना ते टायपिंग. मी आहे की."

"तू दुकानात जा. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

तो गेला. तिने सीडी घातली, मोडेम बसवलं, प्रॉपर्टीज उघडून पाहिल्या. 'हे यंत्र व्यवस्थित चालू आहे.' मग मुख्य खात्याला पासवर्ड टाकला आणि घरातल्या सगळ्यांसाठी दुसरं, साधं खातं काढलं. त्यातून स्टॉक बघा, पत्ते खेळा; मोडेमला हात लावता यायचा नाही.

मोडेम किंचाळलं. चंदाबाईंनी कानांवर हात ठेवले. पानं पुण्याला गेली.

मागे खोकल्याचा आवाज झाला. दलीचंद उभे होते. चंदाबाई मध्ये यायला निघाल्या, पण रिंकू त्यांच्यासाठी थांबली नाही. पदर घसरला होता. तिने तो वर ओढला नाही.

"पासवर्ड टाकलाय मी, पप्पाजी. आता हे कुणालाही बंद करता यायचं नाही. तुम्हालासुद्धा. रागवायचं तर रागवा."

चंदाबाईंनी पुन्हा कानांवर हात ठेवले.

दलीचंदांनी पडद्याकडे पाहिलं, मग दुकानाच्या दाराकडे. ते दार त्यांनी हलकेच लोटून घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, मध्ये कुणाला न घालता, सुनेशी बोलले.

"सीडी ह्या खेपेला मला सापडली, बेटा. तुमच्या कपाटात त्याच्या शर्टांखाली होती. पासवर्ड तेवढा संयमला सांगू नकोस."