रेशमी मोज्यांचा माणूस

"ते शेवटचं पान काढून टाक," डॉर्कस आत्या म्हणाली. "माझा भाऊ चिखलात पडलाय आणि लोक चहा पिता पिता त्याला हसतायत."

"हसू देत," सबिना म्हणाली. नुकतेच परत आलेले चित्रांचे बाड तिने टेबलावर ठेवले आणि पानांत अडकलेले केकचे कण झटकले.

सबिनाचे वडील हेलियर यांच्या वाचनालयात कादंबऱ्यांपेक्षा या बाडालाच मागणी जास्त होती. राजा, मंत्री, बिशप, नट्या, सगळ्यांची टर उडवणारी चित्रे त्यांनी लंडनहून आणून वर्षानुवर्षे जमवली होती. बाथ शहरातल्या कुणाकडे पाहुणे यायचे असले की संध्याकाळपुरते बाड भाड्याने जाई.

शेवटचे चित्र मात्र सबिनाचे होते. वडील गेल्यावर तिने ते काढले. रात्रीचा चढ. मागे थांबलेली बग्गी. रस्त्यात पडलेला म्हातारा, पाठमोरा. वडिलांचा चेहरा तिला काढवला नव्हता. त्याच्यापुढे हातात कंदील घेऊन उभा असलेला गलेलठ्ठ गृहस्थ, तीन हनुवट्या, तिरका झालेला केसांचा टोप. त्याची नजर म्हाताऱ्याकडे नाही, स्वतःच्या पायांतल्या रेशमी मोज्यांकडे. खाली एवढेच लिहिलेले: 'अरेरे, माझे मोजे!'

फेब्रुवारीत वडील त्या चढावर एका बग्गीखाली आले. दोन दिवस जगले, थोडेसे बोलले. साक्षीदार कोणी नाही म्हणून मॅजिस्ट्रेटने अपघात ठरवून प्रकरण मिटवले. कुणाला साधी विचारणाही झाली नाही. सबिनाला ते मिटू द्यायचे नव्हते.

"बरं, नाव तरी घालायचंस," आत्या म्हणाली. "लँग्रिशबाई शपथेवर सांगते, हा तिचा दीर. दारूवाला पमफ्रेट म्हणतो, हा मीच! खूश होऊन बाड दोनदा घेऊन गेला, बायकोला दाखवायला."

"जाऊ दे की. घरोघर फिरू दे. ज्याने बघायला हवं, तो बघेपर्यंत."

"आणि त्याने बघितल्यावर? आपल्याला रस्त्यावर आणील तो."

"आणू दे."

दार एवढ्या जोरात उघडले की खिडकीपाशी वर्तमानपत्रे वाचत बसलेल्या मंडळींनी माना वर केल्या. मॅजिस्ट्रेट ओल्डेकरही त्यांत होते. सकाळचे वर्तमानपत्र ते इथेच येऊन वाचत.

"अगं बाई, सर गॉडफ्री लिडेट!" आत्या पुटपुटली आणि घाईघाईने गुडघ्यात वाकली.

सबिना वाकली नाही. सर गॉडफ्री चित्रातल्यापेक्षा बरेच बारीक होते. व्यंगचित्रात माणूस फुगतोच.

"हेलियरची मुलगी तूच का?"

"हो, साहेब."

"आत चल. एकटीशी बोलायचंय."

"इथेच बोला. आत नुसतं स्वयंपाकघर आहे."

एका वर्तमानपत्राआडून कोणीतरी खाकरले. सर गॉडफ्रींनी बाड स्वतःच उघडले आणि थेट शेवटच्या पानावर बोट आपटले.

"काल लँग्रिशबाईंकडे हे सगळ्यांसमोर उघडलं गेलं. काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"का म्हणून? त्यात कुणाचं नाव नाही."

"नाव कशाला हवं? लोक काय आंधळे आहेत?"

"लोक म्हणतात, हे पमफ्रेट आहेत."

"पमफ्रेट! तो पिंपवाला?" सर गॉडफ्री लाल झाले. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ मुली, या जागेचा मालक माझ्या टेबलावर जेवतो. मी एक शब्द टाकला, तर ही पुस्तकं कुठे मांडशील?"

"मांडीन कुठेतरी. हे बाड आधी मांडीन."

"सबिना!" आत्या कळवळून म्हणाली.

"माज चढलाय हिला. बाप गेला, आता वळण कोण लावणार?"

"बाप कसा गेला, साहेब?"

सर गॉडफ्रींनी पान ओढायला हात घातला. सबिनाने त्यावर तळवा दाबून धरला. तिची बोटे शाईने काळी होती.

"चित्र आपलं नसेल, तर आपल्याला त्रास काय? आणि आपलं असेल, तर तसं सांगा. ज्याचं त्याला देऊन टाकते."

"हात काढ."

"आधी सांगा. आपलंच ना?"

"हो, माझंच! आणि धादांत खोटं आहे!" सर गॉडफ्री ओरडले. "माझ्या हातात कंदील नव्हताच. कंदील गाडीवानाने धरला होता!"

खिडकीपाशी सगळी वर्तमानपत्रे एकदम खाली आली.

सबिनाने हात उचलला. "घ्या," ती म्हणाली.

सर गॉडफ्रींनी पान घेतले नाही. त्यांनी खिडकीकडे पाहिले, तिथल्या एकेका चेहऱ्याकडे पाहिले आणि टोप सावरत ते मागे सरकले. जाताना दार लावायचेही त्यांना सुचले नाही.

ओल्डेकरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते उठून टेबलापाशी आले आणि चित्रावर वाकले.

"गाडीवानाला आजच बोलावतो," ते म्हणाले. मग जरा रागानेच, "पण काय गं, लिडेटच होता हे तुला ठाऊक होतं, तर तेव्हाच माझ्याकडे का आली नाहीस?"

"बाबांच्या डोळ्यांवर उजेड होता, साहेब. त्यांना चेहरा दिसलाच नाही, फक्त मोजे दिसले आणि ते शब्द ऐकू आले," सबिना म्हणाली. "या गृहस्थांना मी आज पहिल्यांदाच पाहिलं."