हिरवी छटा

टाकव्याच्या वरच्या वाडीतल्या गंगीमावशींचा फोटो मला प्रदर्शनासाठी कृष्णधवल छापायचा होता. पहिल्याच प्रिंटमध्ये त्यांच्या लुगड्यावर हिरवट छटा आली.

"हा प्रिंटर रंगीत शाया मिसळून काळा करतो, म्हणून होतं तसं," तळेगावातल्या छपाईवाल्या नीरजाताई म्हणाल्या. "दुसऱ्यावर काढू. त्यात फक्त काळी आणि करडी शाई आहे."

दुसऱ्यावर हिरवा आणखी गडद आला. जोतं करडं, भिंत करडी, चेहरा करडा. लुगडं तेवढं हिरवंगार.

नीरजाताईंनी झाकण उघडून शाईची एकेक कुपी तपासली.

"लुगडं मुळात हिरवं होतं का हो?"

"नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. फोटोतलं लुगडं विटकं होतं, खांद्यावर फाटलेलं.

हिरवं त्याच्या आधी होतं. मी वाडीत पोचलो, तेव्हा मावशी नवंकोरं हिरवं लुगडं नेसून जोत्यावर उभ्या होत्या. मीच म्हणालो, "जुनं फाटकं नेसा. फोटोत तेच चांगलं दिसतं."

"लेकीनं दिलंय वो. ह्येच ऱ्हाऊ द्या की."

मी कॅमेरा बंद केला. मान खाली घालून त्या आत गेल्या.

नीरजाताईंना यातलं काही सांगायची मला लाज वाटली. "अजून एक काढा," एवढंच म्हणालो.

कागद हळूहळू बाहेर सरकला. आता हिरवं कुठंच नव्हतं. मावशीही नव्हत्या. रिकाम्या जोत्यावर ते फाटकं लुगडं नीट घडी घालून ठेवलं होतं.