पुढची काच

बॉनेटवर निळा भुसा पडला होता. सोपान झेंडूची माळ घेऊन बाजारातून परत आला, तर गाडीपाशी त्याचा मुलगा महेंद्र उभा, आणि महेंद्रच्या हातात ब्लेड.

काल दुपारी धुळा पेंटरनं पुढच्या काचेवर निळ्या रंगात, पांढरी कड देऊन ‘जय भीम’ लिहिलं होतं. ते आता तिथं नव्हतं. ब्लेडसुद्धा सोपानच्याच दाढीच्या डब्यातलं होतं.

ही फियाट मूळची मालकाची. सोपाननं ती उभा जन्म पगारावर चालवली. मालकानं नवी मारुती घेतली तशी ती शेडात पडली आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. गेल्या महिन्यात सोपान कामावरून सुटला, कायमचा, तेव्हा मालक म्हणाले, “ने ती तुला.” देताना गाडीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. सोपान मात्र घरी मलकापुरापर्यंत ती ढकलत आणायलासुद्धा तयार होता.

महेंद्र ती भाड्यानं चालवणार होता. आठवडाभर सोपान तिच्या मागे लागला होता. साबणाच्या पावडरीनं रंग मरतो, म्हणून रिठ्याचं पाणी केलं. कोंबड्यांची घाण भिजवून भिजवून काढली. बंपरला ब्रासो, दिव्यांच्या कड्यांना टूथपेस्ट, डॅशबोर्डला खोबरेल, दारांच्या रबराला बुटाचं काळं पॉलिश. वॅक्सचा डबा सगळ्यात लहान परवडला, तो बोटाच्या टोकानं घेत पुरवून पुरवून लावला. बायकोच्या, येसूबाईच्या, जुन्या लुगड्यानं घासता घासता त्या मेलेल्या पत्र्यातून असा आकाशी रंग वर आला, की गल्लीतली माणसं उगाच थांबून बघू लागली. सोपान त्यांना काही सांगत नसे. नुसता आणखी जोरात घासायचा.

“कुणी काडलं?” त्यानं विचारलं. दिसत असूनही विचारलं.

“म्या काडलं, आबा.” महेंद्रनं ब्लेड कागदात गुंडाळलं. “आज पयलं भाडं हाय. पोराला पाचगणीच्या शाळंत सोडायला निगालीत. मोठी माणसं हायत.”

“त्येंनी सांगितलं काडायला?”

“न्हाई.”

“मग स्टँडवर कोण बोललं?”

“अजून कोण काय बोललं न्हाई.”

“आनि?”

“बोलायच्या आदीच काडलं.”

सोपाननं घराकडे पाहिलं. येसूबाई उंबऱ्यात उभी होती. दाढीचा डबा ती ट्रंकेत ठेवते आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला असते. तिनं मान वर केली नाही. म्हणजे रात्री तो गाडीवर चादर घालून, दोनदा उठून बघून झोपला, त्यानंतर घरात बोलणं झालं होतं. फक्त त्याच्याशी झालं नव्हतं. पोरानं काढलं त्याचं लागलंच, पण हे जास्त लागलं.

“मला इचारायचं तरी हुतंस.”

“तुमी न्हाई म्हनला असता.” महेंद्रनं शर्टाच्या खिशातून एक स्टिकर काढला. “मोकळी न्हाई ठेवत मी काच. ह्ये बगा.”

लाल अक्षरांत ‘श्री यमाई प्रसन्न’.

मालक मूळचे औंधचे, यमाईच्या गावचे. त्यांच्या काचेवर हेच होतं. रोज सकाळी त्याला हार घालून मगच सोपान गाडी काढायचा. देवीशी त्याचं कधी वाकडं नव्हतं. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा देव, हार घालायला त्याचं काय जात होतं? पण एखाद्या दिवशी काच आपली असेल आणि तिच्यावर आपलं असेल, एवढं त्यानं मनाशी धरलं होतं. ते पुरता एक दिवससुद्धा टिकलं नाही.

“तुमाला तर सवय हाय की ह्येची,” महेंद्र म्हणाला. टोचून बोलावं असं त्याच्या मनात नव्हतं. तो बापाची समजूत काढत होता.

सोपाननं हातातली माळ बॉनेटवर ठेवली. तिच्या फुलांना निळा भुसा चिकटला.

“काच तेवढी पुसून द्या, आबा. डाग ऱ्हायलं तर स्टिकर धरायचा न्हाई. तुमच्यावानी मला जमत न्हाई.”

लुगड्याचा धडपा सोपानच्या खांद्यावरच होता. नको म्हणावं असं त्याला वाटलं, पण तोवर हातात फडकं आलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो वाकला, तोंड काचेजवळ नेलं आणि हा करून वाफ सोडली.

काच पांढरी झाली. त्या पांढऱ्यात अक्षरं उमटली. पेंटरनं काढली होती तशीच, कडेसकट. स्टिकरापेक्षा कितीतरी मोठी.

महेंद्रनं पुढं होऊन अंगठ्यानं घाईघाईनं पुसलं. सोपाननं पुन्हा वाफ सोडली. अक्षरं पुन्हा आली.

“रंग नीट निगाला न्हाई,” महेंद्र म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“रंग निगाला की समदा.” सोपाननं फडक्याची घडी केली आणि पोराच्या हातात दिली. “ह्ये जवळ ठिव. पाचगणीला धुकं लय असतंय.”