दमणची लेक

लग्न होऊन सहा वर्षं शिरगावात नांदली, तरी चंद्रकांता सरकारदरबारी परदेशीच होती. माहेर दमणचं आणि दमणवर राज्य पोर्तुगीजांचं. भारताची नागरिक होण्यासाठी तिनं पालघरच्या कचेरीत इतके खेटे घातले, की तिथला शिपाईही तिला वहिनी म्हणू लागला. कारकुनानं बजावलं होतं, "कागद हातात पडेपर्यंत सरहद्द ओलांडलीत, तर पुन्हा पहिल्यापासून." भाद्रपदात वडील वारल्याचा निरोप आला. नवऱ्यानं होडी पाण्यात लोटली, ती तिनंच परत ओढायला लावली. बापाच्या मातीलाही ती गेली नाही.

मार्गशीर्षात एकदाचा कागद आला. चार दिवसांनी, गावात काही बातमी पोचायच्या आधीच, किनाऱ्यावर होडीतून तिची आई उतरली. चंद्रकांता धावत पाण्यापर्यंत गेली.

"आये, कागदाबिगर कशी आलीस?"

"आता कसला कागद? पोर्तुगीज गेले. आमी सगली बसल्या जागी इकडची झालो."

चंद्रकांता वाळूत मटकन बसली. आई तिच्याशेजारी टेकली आणि दमणच्या दिशेनं बघत राहिली.

"एक तुजा बापूसच तेवडा परदेशी रायला."