बुडापासून दाट

"बांबूचं नाव काढू नका," माळी म्हणाला. "दोन वर्षांत तुमच्या मोरीत कोंब उगवेल."

"मग अशोक?" सुनेनं विचारलं.

"उंच जातो आणि खालून उघडा पडतो. पायजमा आखूड झालेल्या पोरासारखा."

त्यानं टेप सोडली. पट्टी तीन फूट रुंद, दहा फूट लांब. एका घराची दोन घरं करताना मधे उरलेली जागा. अलीकडे सुनेच्या खिडक्या, पलीकडे सासूचा व्हरांडा. व्हरांड्यात सासू मटार सोलत बसली होती आणि एकही शब्द सांडू देत नव्हती.

"सरू लावा," माळी म्हणाला. "अंगानं काटकुळं झाड, सरळ वर जातं आणि बुडापासून दाट. पण जागा मी नजर बघून ठरवतो. नजर जिथून येते तिथं आधी मला बसावं लागतं."

"कुठून येते ते दिसतंय की. माझ्या कढईत काय शिजतंय ते माझ्याआधी त्यांना ठाऊक असतं."

"करपलेलं कळायला डोळे लागत नाहीत, माळीदादा," सासू मटारांना उद्देशून म्हणाली.

वर्षभर दोघींचं बोलणं असं तिसऱ्या माणसातून चाललं होतं. कधी दूधवाला, कधी वायरमन, आज माळी. खरा मधला माणूस, एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, अशा वेळी नेमका ऑफिसात असायचा.

माळी पट्टी ओलांडून व्हरांड्यात गेला. "आजी, जरा उठता का? तुमच्या खुर्चीत बसू द्या."

सासू मटारांचं ताट घेऊनच उठली. वेताची खुर्ची व्हरांड्याच्या टोकाला, नळाशेजारी होती. माळ्यानं बसून एक डोळा मिटला.

"इथून तर नुसती भिंत दिसते. झाडं हवीत कशाला?"

"मी तरी काय म्हणते?" सासू म्हणाली.

सून तरातरा पलीकडे आली. या व्हरांड्यात तिचं पाऊल वर्षभर पडलं नव्हतं. तिनं आधी फरशी पाहिली. मधोमध चार पांढुरके डाग होते, खुर्चीच्या पायांनी घासून घासून पडलेले. तिनं माळ्याला उठवलं, खुर्ची फरफटत आणली आणि चार पाय चार डागांवर बरोबर बसवले.

"आता बसा. आणि त्यांना सांगा, लपवायचं तर फरशीही पुसावी."

"फरशी मी रोज पुसते. तिला विचारा, तिच्याकडे शेवटची कधी पुसली होती."

माळी बसला. मान खाली घेऊन, वर करून त्यानं दोनदा पाहिलं.

"बाई, तुमचा ओटा इथून दिसतच नाही. ती खिडकी उंच आहे. नजर खालून जाते, त्या बाजूच्या ठेंगण्या खिडकीत."

"शक्यच नाही."

"बसून बघा ना."

सून बसली. खुर्ची चांगलीच बसकी होती. समोर तिच्या लेकीच्या अभ्यासाच्या खोलीची खिडकी होती आणि काचेला आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलेला होता. घरातून तो कोराच दिसायचा. ऊन लागतं म्हणून लावला असेल, असं समजून तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. इथून त्या कागदावर मांजर होतं. तिरपे कान, सहा मिशा. शेपटी नव्हती.

चित्रं काढायचं सोडलं, असं लेकीनं तिला कधीच सांगून टाकलं होतं.

माळी टेप गुंडाळत राहिला.

"शेपटी उद्या येणार आहे," सासू ताटाकडे बघत म्हणाली.

सून उठली. धूळ लागल्यासारखे कपडे झटकले.

"किती झाडं लागतील?" तिनं माळ्याला विचारलं.

"चार पुरे होतील."

"पाच लावा. पाचवं त्या खिडकीसमोर."

माळ्यानं खिडकीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि पिशवीतून चुना काढला. पट्टीत पाच फुल्या मारल्या. पाचवी मारताना जरा रेंगाळला, पण मारली.

"एक सांगून ठेवतो," हात झटकत तो म्हणाला. "इथं माती कमी आहे. पहिली दोन वर्षं रोज पाणी हवं. सरूचं झाड फसवं असतं. पाणी कमी पडलं तरी शेंडा हिरवागार राहतो, वरून काही कळत नाही. आधी वाळतं ते बुडाला. आणि एकदा वाळलं की तिथं परत पान फुटत नाही. कायमचं भोक. नळ कुठला घ्यायचा?"

सुनेनं नळाकडे पाहिलं. पट्टीला लागून नळ एकच होता, आणि वाटणीत तो व्हरांड्याकडे गेला होता.

सासूनं मटारांचं ताट खाली ठेवलं. खुर्ची चार डागांवरून तसूभरही न हलवता ती तिच्यात बसली. पदर सारखा केला. मग वर्षभरात पहिल्यांदाच सुनेकडे सरळ बघून बोलली.

"तुला कशाला त्रास? पाणी मी घालीन."